वाचकांची पत्रं : नारळ चढतो, टोमॅटो पडतो आणि तेल कुणाचंच ऐकत नाही

मागच्या अंकात "बाजारभावाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा" असं दोन ओळींचं आवाहन टाकलं होतं. त्यावर पत्रं आली, मेसेज आले, एकदोघांनी तर बाजारातूनच व्हॉइस नोट पाठवली, मागे कोणीतरी भाव करतंय ते पण ऐकू येतं त्यात. सगळ्यात जास्त पत्रं नारळावर, ते अपेक्षितच होतं म्हणा, गोंयकार सोनं महाग झालं तर गप्प बसेल पण नारळ महागला की बसणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून फक्त गाव ठेवलंय.

२०२५ च्या चवथीला म्हापशाच्या बाजारात मोठ्या नारळाला पन्नास-साठ रुपये मोजले. आमच्या वाड्यावर चारी बाजूंनी माड, तरी नारळ परराज्यातला घ्यायचा आणि वर हा दर. व्यापारी साठा करून ठेवतात असं सगळे म्हणतात. खरं काय? — एक गृहिणी, बार्देश

साठ्याचा संशय प्रत्येक वेळी येतो, आणि सणाच्या तोंडावर आठ-पंधरा दिवस माल दाबून ठेवणारे नसतात असं मी म्हणणार नाही. पण सोललेला नारळ काही महिनोन् महिने टिकत नाही, आणि २०२५ मध्ये दर फक्त म्हापशात चढले नव्हते, केरळ-कर्नाटक-तमिळनाडू सगळीकडे एकदमच चढले होते. एवढा साठा करायला सगळ्या दक्षिण भारताचे व्यापारी एका खोलीत बसायला लागतील.

खरी गोष्ट माडाच्या पोटात आहे. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, फुटल्यापासून नारळ पिकून पडेपर्यंत जवळजवळ वर्ष जातं, आणि ती पोय माडाच्या गाभ्यात त्याच्याही दोन-अडीच वर्षं आधी धरायला लागलेली असते. म्हणजे आज माडाला पाणी कमी पडलं, ऊन जास्त लागलं तर आज काहीच दिसत नाही, नारळ कमी उतरतात ते पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी. आता हिशेब लावा. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, एल निनोचं वर्ष होतं ते, त्याच्यामागून २०२४ चा उन्हाळा पण कडक. ह्या सगळ्याचं बिल आलं २०२५ मध्ये. त्यात २०१६ साली तमिळनाडूत पोळ्ळाचीकडे पहिल्यांदा सापडलेली ती पांढरी माशी, जी पानाखाली बसून रस शोषते आणि पान काळं पाडते, ती तोपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर पसरलेली, आणि केरळात 'रूट विल्ट' नावाचा माडाचा जुना रोग आहेच.

हे झालं मालाचं. दुसऱ्या बाजूनं गिऱ्हाईक वाढलं. एकच नारळ, आणि त्याच्यावर किती जणांचा डोळा बघा. सातव्या महिन्यात शहाळं म्हणून उतरवला तर तो नारळ व्हायचा प्रश्नच संपला, आणि शहाळ्याला हल्ली हायवेवर दर चांगला मिळतो म्हणून बागायतदार तेच करतो. पिकवला तर तो आमटीला जाणार, देवाला जाणार, की खोबरं होऊन तेलाच्या घाण्यावर जाणार? जिथे जास्त पैसे तिथे. २०२५ च्या जुलैत केरळात खोबरेल तेल लिटरमागे चारशेच्या वर गेलं होतं. तेल एवढं चढलं की घाणेवाला कच्च्या नारळाला जे द्यायला तयार होतो तेच म्हापशातल्या नारळाचं पण किमान होऊन बसतं, कारण गाडीवाल्याला गाडी उत्तरेला घ्यायची की दक्षिणेला हे ठरवायला एक फोन पुरतो. तुम्ही बाजारात पसरकाराशी घासाघीस करता तेव्हा पलीकडे केरळातला तेलवाला पण बोली लावतोय असं समजा.

आणि वाड्यावरचे माड? ते आहेत, पण उतरवणार कोण. पाडेली मिळत नाही, मिळाला तर माडामागे जे मागतो ते दहा-बारा नारळांच्या माडाला परवडत नाही, माकडं कोवळे नारळच फोडून टाकतात, आणि मालक पुण्याला नाहीतर लंडनला. कितीतरी भाटांत, म्हणजे माडांच्या बागांत, नारळ पडून तिथेच कोंब फुटलेले दिसतील. हे नारळ गोव्याच्या पिकाच्या आकड्यात बसतात, बाजारात येत नाहीत.

एक गंमत बघा पुढच्या वेळी. बाजारात नारळाचे तीन ढीग असतात, बारीक, मधले, मोठे. दर चढायला लागला की पसरकार आधी भाव वाढवत नाही, आधी ढीग बदलतो, गेल्या महिन्यात मधल्या ढिगात असलेला नारळ आता मोठ्यात बसलेला असतो आणि "मोठा" तेवढ्याच दराला मिळाला म्हणून आपण खूष. खरी भाववाढ बघायची असेल तर हातात वजन घेऊन बघा.

लवकर स्वस्त होईल का, तर आज लावलेलं उंच जातीचं रोप फळायला सहा-सात वर्षं घेणार. पाऊस चांगला झाला तर जुने माड वर्ष-दोन वर्षांत सावरतात, तेवढीच आशा.

मी साखळीला भाजी विकतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा लोक मला चोर म्हणत होते. सप्टेंबरात तोच टोमॅटो मातीमोल. घाटात गाडी अडकली तरी शिव्या मलाच. एकदा लोकांना समजावून सांगा ना. — भाजीविक्रेता, साखळी

सांगतो. नारळाला वर्षं लागतात, टोमॅटोला रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला दोन-अडीच महिने. म्हणजे टोमॅटो उत्पादक भाव बघून निर्णय लवकर बदलू शकतो, आणि गोची नेमकी तिथेच आहे, कारण सगळेच एकदम बदलतात.

२०२३ चीच गोष्ट घ्या. त्या वर्षी उन्हाळ्यात टोमॅटोला भावच नव्हता, शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले, काहींनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. साहजिकच पुढची लागवड कमी झाली. जी होती तिला आधी ऊन आणि विषाणू रोग, मग पाऊस. जुलैत देशात काही ठिकाणी किलोला दोनशेच्या वर दर गेला, केंद्र सरकारनं नाफेड आणि एनसीसीएफ ह्या सहकारी संस्थांकडून स्वस्त टोमॅटोच्या गाड्या फिरवल्या, ऑगस्टमध्ये तर नेपाळहून टोमॅटो मागवला. तोपर्यंत काय झालं होतं, दीडशेचा भाव बघून ज्यांनी कधी टोमॅटो लावला नव्हता त्यांनी पण लावला होता. तो सगळा माल ऑगस्टअखेर-सप्टेंबरात एकदम मंडईत आला आणि शेतकरी परत रस्त्यावर क्रेट ओतायला लागला. सहा महिन्यांत एकाच पिकाचं दोनदा ओतून झालं. अर्थशास्त्रात ह्याला कोळिष्टकाचं नाव आहे, भाव आणि लागवड एकमेकांच्या मागून गोल फिरत राहतात म्हणून.

पण थोडासा माल कमी आला तर भाव थोडासाच का नाही वाढत, दुप्पट-तिप्पट का होतो? कारण टोमॅटो, कांदा, मिरची आपण भाव बघून फारसं कमी करत नाही. संगीत खुर्ची आठवा, शंभर माणसं आणि पंच्याण्णव खुर्च्या, पाचच कमी आहेत पण धावतात सगळे शंभर. जोपर्यंत पाच जण "राहू दे" म्हणून बाजूला होत नाहीत तोपर्यंत भाव चढत राहतो आणि मग तो चढलेला भाव पंच्याण्णव जणांना भरावा लागतो. ग्रेगरी किंग नावाच्या इंग्रजाच्या नावावर सतराव्या शतकाच्या शेवटाचा एक हिशेब आहे, धान्य दहा टक्के कमी पिकलं तर भाव तीस टक्के चढतो, निम्मं पिकलं तर साडेचारशे टक्के. आकडे त्यांच्या देशाचे आणि काळाचे, पण गंमत तीच, तूट वाढते त्याच्या कितीतरी पट भाव वाढतो. उलट्या बाजूनं पण तेच, पाच टक्के माल जास्त आला की शेवटची टोपली कोणीच उचलत नाही आणि तिच्या भावाने सगळ्या टोपल्या जातात.

आता तुमचं घाटाचं. आपली बहुतेक भाजी बेळगावहून येते, रात्री तिथल्या मार्केटात भरलेली गाडी चोर्ला उतरून पहाटे इथे. मे महिन्यात हे घड्याळासारखं चालतं. पावसात चोर्ल्याला दरड आली, एखादा अवजड ट्रक वळणावर आडवा झाला की गाडी मागे फिरून अनमोडनं नाहीतर आंबोलीनं येते, चार-पाच तास जास्त, आणि कोथिंबीर-पालेभाजी तोवर गोणपाटाखाली गरम होऊन पिवळी पडते. ह्यात लोकांना न दिसणारं गणित असं. समजा भाडं, हमाली धरून किलोला पाच रुपये पडतात आणि दहातला एक किलो फेकावा लागतो. बेळगावात टोमॅटो दहा रुपये असेल तर इथे यायलाच तो पावणेसतरा होतो. तिथे साठ असेल तर इथे बहात्तर. पहिल्या वेळी दर दीडपटीच्या वर गेला, दुसऱ्या वेळी वीस टक्के, आणि भाडं तेवढंच. म्हणून बेळगावात भाव पडला की गोव्यात तेवढा पडलेला दिसत नाही आणि लोक म्हणतात मधले खातात. खातात पण, सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही, पण डिझेल त्याहून जास्त खातं.

फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सबसिडीची भाजी स्वस्त मिळते हे चांगलंच आहे, गिऱ्हाईकाला तरी. पण ती पण बऱ्याच अंशी घाटावरूनच येते. सबसिडीनं भाव खाली येतो, घाट काही सपाट होत नाही.

जून-जुलैत चिकन आणि अंडी दर वर्षी का महागतात? — मडगाव

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ट्रॉलर धक्क्याला. बांगडा नाही म्हटल्यावर माणूस अंड्याकडे वळतो. एवढंच असतं तर श्रावण लागला की उतरायला पाहिजे, आणि बरंचसं उतरतं पण. पण हल्ली दोन-तीन वर्षं तळाचा भावच वर सरकलाय त्याचं कारण मका. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, आणि पेट्रोलात इथेनॉल मिसळायला आता मका लागतो. पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आणि मका बाहेर विकणारा आपला देश २०२४ मध्ये मका आणणारा झाला. तुमच्या स्कूटरची टाकी आणि ऑम्लेट एकाच कणसावर चालतात असं म्हटलं तरी चालेल.

युक्रेन कुठे, फोंडा कुठे. तिथे युद्ध झालं की आमच्या इथे तेलाचा डबा का महागतो? आणि हे वायदे बाजारवाले सट्टा लावून भाव फुगवतात ना? — कॉलेज विद्यार्थी, फोंडा

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं साठ टक्क्यांच्या आसपास तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलचं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं, काळ्या समुद्रातली बंदरं बंद, सूर्यफूल अडकलं. आता तुम्ही म्हणाल आम्ही सूर्यफूल वापरतच नाही, पामतेलावर चालतं आमचं. पण ज्यांचं सूर्यफूल अडकलं ते पण पाम घ्यायला आले ना. पाम चढलं, इंडोनेशियात घरच्या लोकांनाच तेल महाग झालं म्हणून त्यांच्या सरकारनं २८ एप्रिलला पामतेलाची निर्यातच बंद केली, २३ मे ला परत उघडली. तेवढ्या तीन-चार आठवड्यांत जगभर हाहाकार. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा जागतिक अन्न भावांचा निर्देशांक तोपर्यंतच्या सगळ्यात वरच्या पातळीला गेला होता. आणि आपण इंडोनेशियाला नावं ठेवायची सोय नाही, कारण मार्चच्या उष्णतेनं गहू करपला म्हणून १३ मे २०२२ ला आपण गव्हाची निर्यात बंद केली, आणि २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची. जगातल्या तांदळाच्या व्यापारात आपला वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात, त्यामुळे आपण दार लावलं की आफ्रिकेतल्या घरात भाव चढतो. प्रत्येक देश आपापल्या लोकांसाठी बरोबरच वागतो आणि सगळे मिळून भाव अजून वर नेतात.

तेलाची दुसरी बाजू म्हणजे आयात शुल्क. इथे सरकारचं घोडं नेहमी दोन बाजूंनी ओढलं जातं. शुल्क कमी केलं तर डबा स्वस्त, पण लातूरचा सोयाबीनवाला मरतो. १४ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे चवथ होऊन आठवडा झाला होता बघा, कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं आणि महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती. मग तेल भडकलं तसं २०२५ च्या मे अखेरीस ते साडेसोळा टक्क्यांवर आणलं. रुपया घसरला तर डॉलरमध्ये तेवढाच भाव असूनही डबा महागतो, ते वेगळंच.

सट्ट्याबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. २०२१ च्या अखेरपर्यंत सेबीनं, म्हणजे ह्या बाजारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरणारे सौदे) थांबवले, गहू, बिगर-बासमती भात, चणा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल आणि मूग. आणि लगेच पुढच्या वर्षी काय झालं ते वर लिहिलंय, पामतेल आणि गहू दोन्ही भडकले. वायदेच गुन्हेगार असते तर ते बंद असताना असं व्हायला नको होतं. थोड्या दिवसांची उसळी सट्ट्यानं येते, त्याबद्दल वाद नाही. पण वायदा बंद केला की शेतकऱ्याला तीन महिन्यांनंतरचा अंदाज पण मिळत नाही आणि मग तो मागच्या हंगामाचा भाव बघून पेरतो, टोमॅटोवाल्यासारखा.

सत्तरीत आमची काजूची बाग आहे. काजूगर दुकानात हजाराच्या आसपास आणि आम्हाला बियांना शंभर-सव्वाशे. हा कुठला न्याय? — बागायतदार, सत्तरी

आधी थोडं गणित. साधारण चार-साडेचार किलो बियांतून एक किलो गर निघतो, म्हणजे सव्वाशेचा भाव धरला तर एका किलो गराच्या बियाच पाचशे-साडेपाचशेच्या झाल्या. वर भाजणं, फोडणं, सोलणं, आणि अख्खा गर, पाकळी, तुकडा असं वेगळं करणं, ज्यात तुकड्याला भाव कमी. तफावत दिसते तेवढी नाही, पण आहे.

तुमचा खरा स्पर्धक आयव्हरी कोस्टचा शेतकरी आहे. कच्च्या काजूच्या उत्पादनात तो देश जगात पहिला, आफ्रिकेतच बेनिन, टांझानिया, गिनी-बिसाऊ पण आहेत. फोडणारे मोठे दोनच, व्हिएतनाम आणि आपण. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कारखान्यांना वर्षभर मशीन चालवायची तर तुमच्या तीन महिन्यांच्या बियांवर भागत नाही, ते आफ्रिकेचा माल आणतात. आणि खोच अशी की टांझानियाचा हंगाम ऑक्टोबर-डिसेंबर, पश्चिम आफ्रिकेचा फेब्रुवारीपासून पुढे. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही बोंडं पिळून बिया वाळवून गोणी घेऊन जाता तेव्हा कारखान्याच्या गोदामात एक माल आहे आणि दुसरा समुद्रात आहे. त्याला घाई नाही, तुम्हाला आहे, कारण पाऊस लागायच्या आत बिया घालवायच्या असतात आणि हुर्राकाचे, म्हणजे बोंडांच्या रसाच्या दारूचे, पैसे तोवर संपलेले असतात.

सरकारनं २०२३ च्या बजेटात आधारभूत किंमत सव्वाशेवरून दीडशे केली, बाजारभाव त्याच्या खाली गेला तर फरक खात्यात येतो. बिल मात्र नोंदणीकृत संस्थेचं पाहिजे, गावात आलेल्या टेंपोवाल्याला रोखीनं दिलं तर फरक विसरा. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. त्याचा फायदा खरा व्हायचा तर पर्यटकाच्या पाकिटात आफ्रिकेचा गर आणि गोव्याचं नाव हे आधी थांबायला लागेल. ते होईल तेव्हा होईल.

पेपरात आलं की ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई फक्त पाव टक्का. पेपरवाला कुठल्या बाजारात जातो? — निवृत्त, वास्को

आकडा खोटा नाही, ०.२५ टक्केच होता, अन्नाचा तर उणे पाच. पण तो आकडा सांगतो मागच्या ऑक्टोबरपेक्षा किती फरक पडला. मागच्या, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात भाज्या ४२ टक्क्यांनी चढल्या होत्या, त्याच्याशी तुलना केली की २०२५ मध्ये साडेसत्तावीस टक्के उतरलेल्या दिसतात. १०० ची भाजी १४२ झाली आणि तिथून १०३ वर आली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी होती तिथेच परत, स्वस्ताई कसली. खाद्यतेलं तर त्या महिन्यात पण चढतच होती. शिवाय तो सगळ्या देशाचा सरासरी माणूस, तो तुमच्याइतका नारळ खात नाही आणि विसवण (सुरमई) तर खातच नाही.

शेतकरी लासलगावला कांदा फुकट देतो आणि आम्ही चाळीसला घेतो. आणि दुसरं, आई अजून मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरते, कांदे, मिरच्या, सोलां (आमसुलं). आजच्या काळात ते परवडतं का की फक्त सवय? — नोकरदार, पणजी

पहिलं लवकर उरकतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात आलंय, ग्राहकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. कांद्याचं रडगाणं असं की भाव चढला की सरकार धावतं आणि पडला की सावकाश चालतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदीच, ती मे २०२४ मध्ये उठली पण शुल्क राहिलंच, सप्टेंबरात २० वर आलं, गेलं ते थेट १ एप्रिल २०२५ ला. ह्या दीड वर्षात बाहेरचं गिऱ्हाईक पाकिस्तान-इजिप्तचा कांदा घ्यायला शिकलं. शुल्क उठलं म्हणून ते लगेच परत येत नाही.

आता पुरुमेंत. आईचा हिशेब मोडीत काढू नका. वर्षाच्या कांद्यातला मोठा हिस्सा रब्बीचा, तो मार्च ते मे मध्ये निघतो आणि तोच ऑक्टोबरपर्यंत कांदाचाळीत ठेवून खायचा असतो. म्हणून मे मध्ये भाव तळाला, सप्टेंबर-ऑक्टोबरात वर. ठेवण्यात वजन घटतं, कोंब येतात, सडतो, चांगल्या चाळीत पण पाव हिस्सा जातो धरा. वीसनं घेतलात तर खाऊन झालेला किलो तुम्हाला पावणेसत्तावीसला पडला. चवथीला बाजारात कांदा त्याच्यावर असेल तर आई जिंकली, आणि बहुतेक वर्षी असतो. फक्त गोव्याच्या पावसात फ्लॅटमध्ये प्लास्टिकच्या टोपलीत ठेवलात तर पाव हिस्सा नाही, अर्धा जाईल. इथल्या गावठी कांद्याच्या माळा घ्या आणि वारा लागेल अशा ठिकाणी टांगा, किलोला महाग पडतात पण टिकतात.

मिरचीचं गणित दर वर्षी वेगळं. २०२३ मध्ये ब्याडगीला भाव बघून सगळ्यांनी मिरची लावली, २०२४ च्या मार्चमध्ये हावेरी जिल्ह्यातल्या त्या ब्याडगीच्या मार्केटात दर एका दिवसात असा कोसळला की शेतकऱ्यांनी बाजार समितीचं ऑफिस आणि गाड्या जाळल्या. अशा वर्षी दोन वर्षांची भरून ठेवावी, कडक उन्हात देठ मोडेपर्यंत वाळवून घट्ट डब्यात राहते. भाव चढलेला असेल त्या वर्षी सहा महिन्यांचीच घ्या. तेलाचे डबे भरून ठेवू नका, दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं भाव कुठेही जातो आणि तेल खवट होतं ते वेगळं. सोलां विकत घेत असाल तर पहिला पाऊस पडायच्या आत घ्या, नंतरची ओलसर असतात, वजनात पाण्याचे पैसे जातात.